द्वारकाकाकीचं खळं

लग्न होऊन तोंडवलीला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शेजारणीची वाढवण पोटऱ्यांवर खाल्ली. वाढवण म्हणजे माडाच्या हिरांची झाडू. ती एका जागी लागत नाही, एकदम सगळीकडे लागते. सासूबाईंनी वाटीभर सोलं, म्हणजे आमसुलं, देऊन मला शेजारी पाठवलं होतं. माझं माहेर तळेऱ्याकडचं. आमच्याकडे नवी नवरी दारात आली की लोक पाट मांडतात. इथे मी खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, ओलांडून सरळ पडवीत शिरले आणि नुकत्याच सारवलेल्या जमिनीत माझी पाचही बोटं उमटली.

"आंधळी आसंस काय गो? पाय खंय टाकतंस तां बगूक देवान डोळे दिल्ले नाय तुका?"

मी रडत घरी आले. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "द्वारका ती. तिच्या वाढवणीतून कोण सुटाक नाय." थोड्या वेळाने तीच बाई दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून हाका मारत होती, "गो व्हकले, पाय धुवन ये. खोबऱ्याची कापां केलंय." गेले. कापं उत्तम झाली होती. माझ्या पावलांचे ठसे तिने तोवर सारवून टाकले होते, आणि पुन्हा पाय ठेवायची माझी हिंमत होईना, म्हणून मी खळ्यात उभ्यानेच खाल्ली.

पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या वाडीत तिच्याइतकं स्वच्छ घर दुसरं नव्हतं. मी नंतर मुंबई पाहिली, मोठ्या लोकांची फरशीची घरं पाहिली, पण द्वारकाकाकीच्या मातीच्या जमिनीवर सांडलेला भात मी उचलून खाल्ला असता. शेणात ती करवंटीचा कोळसा कुटून घालायची. त्यामुळे जमीन काळीभोर, गुळगुळीत व्हायची. कंदिलाची काच राखेने आणि जुन्या धोतराच्या चिंधीने. तांब्याची भांडी सोलांच्या चोथ्याने. मासे साफ केलेली जागा आधी राखेने, मग आंबट पाण्याने, आणि तरी वास आला तर पुन्हा राखेने. "पाणी ओतलां म्हणजे धुतलां न्हय," ती म्हणायची. "पाण्यान घाण पसारता. आधी घाण उचलूची, मगे पाणी."

झाडण्याची तिची रीतही ठरलेली. आधी कोपरे. "मदी सगळीच झाडतत. कोनो कोण झाडता तां बग, मगे त्या बाईचा घर कसां तां कळता." आजही मी कुणाच्या घरी गेले की माझी नजर आधी कोपऱ्यात जाते. माझ्या सुनांना हे मुळीच आवडत नाही.

पण यात प्रेमळ असं काही असेल असं समजू नका. काकी घर साफ करत नव्हती, घराला मारत होती. ढेकणांच्या खाटेवर उकळतं पाणी ओतताना ती एकेका ढेकणाला शिव्या द्यायची. नारळाच्या सोडणांच्या ढिगाऱ्यात घोणस निघाली तर पुरुषांना हाक मारायची वाट तिने पाहिली नाही. चोपण्याचे घाव घालून घालून तिने त्या घोणशीचा लगदा केला, आणि ती मेल्यावरही घातले. चोपणं म्हणजे हातभर लांबीचं मूठवालं जड लाकूड. पावसानंतर खळ्यात नवी माती पसरून ती त्याने ठोकून बसवतात. काकीचं चोपणं भेरल्या माडाच्या लाकडाचं होतं, घामाने काळं झालेलं. मला ते दोन्ही हातांनीही नीट पेलत नसे.

आमच्या वाडीत बापूशेट म्हणून एक नारळांचे व्यापारी होते. त्यांच्या शब्दाला मान होता, आणि तोंडात कायम पान. एकदा काकीच्या ओट्यावर बसून भाव करता करता त्यांनी सवयीने भिंतीच्या कोपऱ्यात पिचकारी मारली. काकी उठली. त्यांच्या गळ्यातलं उपरणं धरून तिने त्यांना कोपऱ्यापर्यंत ओढत नेलं.

"पूस."

बापूशेट आधी हसले. काकीने वाढवण उलटी धरली आणि तिचा बुडखा त्यांच्या कानाशेजारी भिंतीवर असा आपटला की गिलावा खाली आला. बापूशेटनी उपरण्याने भिंत पुसली. पुढे कितीतरी दिवस वाडीतल्या बायका विहिरीवर एकमेकींना "पूस" म्हणत आणि घागरी हिंदकळेपर्यंत हसत.

त्या वर्षी पावसाळ्याआधी दाजीकाका घरी आला, तेव्हा बापूशेटनी ती गोष्ट त्याच्या कानावर घातली. दाजीकाका म्हणजे काकीचा नवरा. मालाच्या मचव्यावर तांडेल होता. आठ महिने समुद्रावर, आणि पावसाळ्यात समुद्र बंद झाला की मचवा वर ओढून चार महिने घरी. इतर बायका ते चार महिने मोजून वाट बघत. काकीच्या घरातून त्या चार महिन्यांत काय ऐकू यायचं ते मी इथे सगळं लिहिणार नाही. भांडी पडल्याचे आवाज वेगळे आणि माणूस पडल्याचा आवाज वेगळा, हे मला लग्नाच्या पहिल्याच पावसात कळलं.

काकीचा पुढचा दात नव्हता. डाव्या हाताची करंगळी वाकडी बसलेली. भुवईत एक व्रण. कुणी विचारलं तर तिने घरातल्या एकेका वस्तूवर आळ घेतलेला होता. दात विहिरीच्या रहाटाने पाडला, करंगळी दारात चेंगरली, भुवईवर झावळ पडली. झावळ! जिने घोणशीचा लगदा केला, बापूशेटचं उपरणं पिळलं, ती बाई नवऱ्यापुढे हात खाली सोडून उभी राहायची. मला तेव्हा तिचा राग यायचा. अजूनही येतो.

मात्र आदल्या दिवशी काहीही झालेलं असो, उजाडायच्या आत तिच्या खळ्यात सडा पडलेला असे. त्याला कारण होतं. आमच्या वाडीत सकाळी एखाद्या खळ्यात झाडू फिरली नाही, सडा पडला नाही, तर त्याचा अर्थ एकच, घरात कुणीतरी गेलं. प्रेत घरात असेतो वाढवणीला हात लावत नाहीत. सडा दिसला नाही की शेजारी कुणाला न विचारता बांबू आणि सुंभ घेऊन यायला निघतात. म्हणून काकी हात मोडलेला असला तरी दुसऱ्या हाताने सडा टाकायची.

एकदा आडाळीवर, म्हणजे विळीवर, माझं बोट कापलं आणि नव्या लुगड्यावर रक्त सांडलं. मी चुलीवरचं ऊन पाणी घ्यायला धावले. काकीने माझ्या हातातला तांब्या हिसकून घेतला.

"रगताक थंड पाणी गो बाय. ऊन पाणी घातलंस काय रगात शिजता. मगे जल्मात जाणा नाय. थंड पाणी, वाईच मीठ, आणि लगेच. सुकाक देव नको."

डाग खरंच गेला. मी लुगडं वाळत घातलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही विद्या या बाईला कुठून आली असेल.

दाजीकाका पुढे एका वर्षी मुंबईच्या बंदरातच तापाने गेला. काकी रडली, रीतीप्रमाणे सगळं केलं. मला वाटलं, सुटली. पण तिचा मुलगा रघू मुंबईला गिरणीत होता, तो मारामारी करून नोकरी घालवून घरी आला. लग्न केलं की ठिकाणावर येईल, असं बापूशेटसकट सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि मिठबावची सुलू सून म्हणून आली. बारीकशी, हसरी पोर. झाडताना गाणं म्हणायची आणि कोपरे सोडायची. काकी माजघरातून ओरडायची, "कोनो!" सुलू तिथूनच ओरडायची, "करतंय गो आये!" आणि करायची नाही. काकीने तिला एकदाही वाढवण मारली नाही. मी तर हेवाच केला.

रघूने बापाचा एकही गुण सोडला नव्हता, आणि बाप निदान आठ महिने समुद्रावर असायचा. हा बाराही महिने घरात. आमटीत मीठ जास्त झालं म्हणून त्याने सुलूचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तो आवाज गडग्यापलीकडे आमच्या चुलीपर्यंत आला. सासूबाईंनी जपाची माळ हातात घेतली आणि डोळे मिटले. ही पोर या घरात मरणार, हे वाडीत सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. काकी हाडापेराने मोठी होती म्हणून निभावली. सुलूच्या अंगात निभावण्यासारखं काही नव्हतंच.

मी गेले तेव्हा दोघी पडवीत बसल्या होत्या. सुलूच्या कपाळाला फडकं बांधलेलं. काकीने तिचा हात मनगटाशी धरला होता आणि तो जमिनीवरून फिरवत होती.

"आधी थंड पाणी. मगे शेण. हंय कोळसो वाईच जास्त घाल, म्हणजे रंग दिसाचो नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काकी, तुमी तिका ह्यां शिकयतास?"

काकीने वर पाहिलंसुद्धा नाही. "मगे काय शिकवू? पळान जावक शिकवू? खंय जातली? मिठबावाक गेली तर बापूस दुसऱ्या दिवशी परत हाडून सोडतलो. माका तर कोणी शिकवूकय नाय. माजा माका शिकाचा लागला."

 सुलूने तो कोपरा नीट सारवला. त्या दिवसापासून तिचं गाणं बंद झालं, आणि कोपरे मात्र स्वच्छ निघू लागले. काकीच्या ते ध्यानात आलं होतं. ती "कोनो" म्हणून ओरडायची थांबली होती.

त्या वर्षीची दिवाळी झाली. पाऊस सरला, आणि वाडीत घरोघर खळी करायला सुरुवात झाली. काकी आणि सुलूने गवत तासलं, लाल माती आणून पसरली, पाणी शिंपडलं, आणि सासू-सुना आळीपाळीने चोपणं घेऊन ठोकायला बसल्या. खळं ताटासारखं सपाट झालं. दुसऱ्या दिवशी सारवायचं होतं.

त्या सकाळी मला जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज नव्हता म्हणून. पलीकडून वाढवणीची खरखर येत नव्हती. मी बाहेर येऊन गडग्यावरून पाहिलं. अंधुकात कालची ठोकलेली माती तेवढी दिसली, वर पिंपळपानं पडलेली. सडा नव्हता. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. "गेला गो चेडू," त्या म्हणाल्या. मलाही सुलूशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही. 

वाडीला कुणी सांगावं लागलं नाही. ज्याने रस्त्यावरून जाताना पाहिलं त्याने पुढच्या घरात सांगितलं. बापूशेट आपल्या बागेतले दोन बांबू तोडून घेऊन आले. कुणी सुंभ आणलं, कुणी मडकं. बायका डोक्यावरून पदर घेऊन कडेला जमल्या. आता उजेडात दिसलं, खळ्याच्या मधोमध मातीत एक काळपट डाग होता, पसरलेला, आणि त्याच्या शेजारी काकीचं चोपणं पडलं होतं. त्याला केस चिकटले होते.

काकी पायरीवर बसली होती. डोळे कोरडे.

"द्वारका," बापूशेटनी हळू विचारलं, "कोण गेला?"

"माजो झील."

"रघू? अगो, काल सांजेक तर—"

"भितर पडलो आसा. न्हेवा तेका."

दोघं-तिघं आत धावले आणि तितक्याच घाईने बाहेर आले. रघू माजघरात दारू पिऊन घोरत होता. जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. एकजण हसला. बापूशेट संतापले.

"मरणाची चेष्टा करतंस? हातात बांबू दिलंस आमच्या!"

काकीने मागे वळून हाक मारली, "सुलू, भायर ये."

सुलू दारात आली. तिचा एक डोळा पूर्ण बंद होता. उजवा हात खांद्यापासून निर्जीव लोंबत होता आणि केस रक्ताने मानेला चिकटले होते. एक बाई तिथेच खाली बसली.

"बगा," काकी म्हणाली. "नीट बगा. इतकी वर्सां मी पुसत इलंय, तुमका काय दिसला नाय. सकाळी सडो बगीत होतास आणि जाय होतास. आज पुसूक नाय. बगा."

 मग बापूशेटच बोलले, आणि ते बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. "घरातली गोष्ट ही. ती घरात ऱ्हवाक व्हयी. खळां सारव आणि गप ऱ्हव."

गलबल्याने रघू जागा झाला होता. तो बाहेर आला, गर्दी पाहिली, आणि त्याला एवढंच समजलं की बायकोने आपली अब्रू चव्हाट्यावर आणली. त्याने सुलूचे केस धरले. "भितर चल!" ती पायरीवर पडली. तो तिला ओढू लागला. खळ्यात वीसेक पुरुष उभे होते, आणि हातात बांबू असलेले बापूशेट सर्वांत जवळ.

काकीने चोपणं उचललं. ती माती ठोकायची तसाच तिने खांद्यातून हात आणला, फक्त आडवा, आणि त्याच्या नडगीवर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रघू कोसळला. काकीने चोपणं पुन्हा वर नेलं, या वेळी डोक्याच्या रोखाने. ती मारणार होती. तिचा चेहरा पाहिलेल्या कुणालाही त्याची शंका नव्हती. अडवलं ते सुलूने. एका हाताने तिने काकीचा हात धरला आणि ओरडली, "आये, नको गो! आये!"

चोपणं हवेत थांबलं. मग काकीने ते खाली टाकलं.

"उचला मेल्याक," ती म्हणाली.

बांबू होतेच, सुंभ होतं. तिरडीसाठी आणलेल्या सामानाची डोली झाली. तीवरून रघूला खाडीवरच्या तरीपर्यंत आणि होडीने पलीकडे, मालवणच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत ज्या लोकांना माहीत नव्हतं ते टोप्या काढून, हात जोडून बाजूला उभे राहत होते, आणि तिरडीवरचा मुर्दा त्यांना आईबहिणीवरून शिव्या देत होता. हे नंतर सांगताना माझ्या यजमानांना हसू आवरत नसे. मला हसू यायचं आणि मग सुलूचा तो बंद डोळा आठवायचा. डॉक्टरला सांगितलं की माडावरून पडला. सांगितलं बापूशेटनी.

रघूचा पाय वाकडा बसला. बरा झाला तो मालवणातूनच मुंबईला गेला, घरी आला नाही. सुलूचा हात जुळला, पण तिला त्या डोळ्याने पुढे धड दिसलं नाही. ती सासूपाशीच राहिली. दोघींनी मिळून बागायत केली, सोलं वाळवली, सुंभ वळलं. वाडीतल्या बायका मात्र विहिरीवर एकच गोष्ट बोलत: आईचंच काळीज शेवटी, मुलगा परत आला की घेईलच घरात. सुलू हे ऐकायची. मुंबईहून माणसं यायचे दिवस आले, शिमगा, गणपती, की तिचं जेवण तुटायचं. रस्त्यावर कुणाचं पाऊल वाजलं तरी ती आत पळायची.

मी एकदा काकीला सरळ विचारलं, "इलो तर काय करशात?"

ती कंदिलाची काच पुसत होती. तिने काच उजेडाकडे धरली, फुंकर मारली, पुन्हा पुसली.  सुलू दाराआड उभी राहून ऐकत होती, ते मला दिसलं.

गोवा मोकळा झाला त्या सुमाराला माझ्या यजमानांना मुंबईत खोली मिळाली. आमचं सामान बैलगाडीत भरून झालं होतं. मी काकीचा निरोप घ्यायला गडग्यापाशी आले, तेव्हा ती खळं झाडत होती. सुलू ओट्यावर बसून तांदूळ पाखडत होती. माझ्या तोंडून हाक निघणार तोच बेड्यातून, कुंपणाच्या बांबूच्या फाटकातून, एक माणूस आत आला. हातात काठी, खांद्यावर पत्र्याची ट्रंक, पाय ओढत चालणारा. केस पिकले होते.

"आये," तो म्हणाला.

सुलूच्या हातातलं सूप गळलं आणि तांदूळ ओट्यावरून खाली खळ्यात सांडले. ती पळाली नाही. तिला पळताच आलं नसावं.

काकी सरळ उभी राहिली. तिने मुलाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. त्याने ट्रंक खाली ठेवली. खोटं कशाला सांगू, तो इतका थकलेला दिसत होता की त्या क्षणी मी असते तर विरघळले असते. काकीचे ओठ हलले. सुलूने डोळे मिटून घेतले.

मग काकी वाकली आणि झाडायला लागली. झाडत झाडत ती त्याच्या पायांपर्यंत आली. हीर त्याच्या बोटांना लागले, तो एक पाऊल मागे सरला. काकीने ती जागा झाडली. "आये, मी रघू गो." पुढची जागा झाडली. त्याला ट्रंक उचलून मागे व्हावं लागलं. काकीने मान वर केली नाही. ती झाडत राहिली, तो सरकत राहिला, आणि असं करत दोघं बेड्यापर्यंत आली. तिथे त्याने काठी उगारली. तेव्हा सुलू ओट्यावरून उतरून आली आणि सासूच्या शेजारी उभी राहिली. तिच्या हातात काही नव्हतं. रघूने दोघींकडे पाहिलं. काठी खाली आली. पुढच्या दोन फटकाऱ्यांत तो रस्त्यावर होता, आणि काकीने बेड्याचा बांबू ओढून घेतला.

आमची गाडी सुटली. तिच्या बेड्यासमोरून जाताना मी आत पाहिलं. काकीच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून लुगड्यावर गळत होतं, आणि तशा रडत्या तोंडानेच ती सुलूवर ओरडत होती, "गो, बगतंस काय? तांदूळ गोळा कर आधी, कोंबड्यो खातत थंय!"